पलटणीच्या भटजींचं गोत्र

आमच्या काशीच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांची काळजी जास्त होती. न्हाणीघराची कडी लागत नाही म्हणून मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते, तर एक दिवस जिन्यातच थांबून ते मला म्हणाले, "कडीचं बघतो ग मुली. पण आधी त्या दूधवाल्याच्या आईचं बघू दे. बिचारी माघापासून खोळंबलीय." दूधवाल्याची आई माघात वारली होती. तिच्या मुलाने गावी जाऊन सगळं यथासांग केलं होतं, पण काकांना तेवढ्याने चैन पडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घाटावर तिच्या नावाने पाणी सोडलं आणि घरी येऊन तृप्त चेहऱ्याने मला सांगितलं, "सुटली हो म्हातारी." कडी मी शेवटी सुतळीने बांधली.

लग्न होऊन मी वाईहून थेट काशीला आले. आमचे हे तिथल्या एका शाळेत गणित शिकवत. मंगला गौरीच्या देवळाकडून दुर्गाघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत काकांचं घर होतं आणि त्यात दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. काकू कधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं चालवणं हा काकांचा व्यवसाय, आणि तोच छंद, आणि तेच व्यसन. सकाळी घाटावर उभं राहून ते आपले आईबाप, आजेपणजे उरकत, मग सासरचे, मग गुरू, मग ओळखीचे, मग ओळखीच्यांचे ओळखीचे. माघाच्या थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला तो उघडाबंब, वाळकुडा माणूस पाहून नवीन यात्रेकरूंना वाटे, काही मोठं अनुष्ठान चाललंय. चाललेलं असे आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या मेहुण्याचं तर्पण.

तसे ते काही संत वगैरे नव्हते. चिडके होते, हट्टी होते. कुणी शीळ घातलेली त्यांना खपत नसे. गच्चीवर येणाऱ्या माकडांच्या म्होरक्याला ते 'सुभेदार' म्हणत आणि त्याच्याशी रोज भांडत. पण त्यांचा खरा राग घाई करणाऱ्यांवर. एकदा वऱ्हाडातले एक बडे गृहस्थ वडिलांच्या श्राद्धाला बसले आणि म्हणाले, "भटजी, जरा आटपतं घ्या, गाडी गाठायचीय." काकांनी हातातले दर्भ खाली ठेवले आणि शांतपणे विचारलं, "वडिलांनी तुम्हाला चालायला शिकवलं, तेव्हा खिशातून घड्याळ काढलं होतं का हो?" गृहस्थांची गाडी चुकली. ते लहान मुलासारखे रडले आणि मग खीर दोनदा मागून घेऊन जेवले. वाढणारी मीच होते.

आता समोरच्या शास्त्रीबुवांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय काकांचं चित्र अर्धंच राहील. आमची गल्ली इतकी अरुंद की खिडकीतून हात लांब केला की समोरच्या खिडकीत ताकाची वाटी देता येई. त्या समोरच्या खिडकीत शास्त्रीबुवा बसत. मोठे धर्मशास्त्री, आवाज देवळातल्या घंटेसारखा. काकांचं आणि त्यांचं माझ्या लग्नाच्या आधीपासून वैर होतं. विषय काय, तर श्राद्धाच्या खिरीत वेलदोडा चालतो की नाही. काका म्हणत चालतो, बुवा म्हणत नाही. रोज सकाळी एकमेकांच्या खिडकीकडे पाठ करून ते एकमेकांना ऐकू जाईल अशा बेताने भिंतीशी बोलत. एखाद्या दिवशी समोरून आवाज आला नाही, तर काका अस्वस्थ होऊन मला सांगत, "जा ग, बघून ये. खामखा आजारी पडला असेल गाढव."

पाद्रीबाबा आमच्या आयुष्यात आले ते एका बैलामुळे.

छावणीत तेव्हा आयरिश पलटण होती आणि हे त्या पलटणीचे कॅथलिक पाद्री. लालबुंद चेहरा, मोठं पोट, गुडघ्यापर्यंत बूट. सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ मासे धरायचा गळ खांद्यावर टाकून घाटांकडे भटकत. त्या दिवशी ते आमच्या गल्लीत शिरले आणि समोरून एक बैल आला. काशीच्या गल्लीत बैल समोर आला की माणसाने मागे जायचं असतं, हे ठाऊक नसल्यामुळे ते आमच्या दारात शिरले. दारात काका उभे. एक पाऊल आत टाकलं तर घर बाटणार, एक पाऊल बाहेर टाकलं तर शिंगं. शेवटी काकांनी बोटाने ओटा दाखवला. बैलही बाहेर बसकण मारून रवंथ करायला लागला. आता काय करणार? दोघं बोलायला लागले.

पाद्रीबाबांना मराठी येत होतं, याचा मला आधी अचंबाच वाटला. पूर्वी ते खडकीच्या छावणीत होते आणि तिथे स्वयंपाक्याकडून ते मराठी शिकले होते. त्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच. जिन्यातून मी ऐकलं, साहेब आमच्या काकांना विचारत होते, "तू काय काम करतो?"

माझा जीव वर. काका कडाडणार! पण काका म्हणाले, "मेलेल्यांचं काम करतो."

"मी पण," साहेब म्हणाले.

काका ओट्याच्या कडेला टेकले. चौकातले मिशनरी त्यांना ठाऊक होते. ते जिवंत माणसांच्या मागे लागत, म्हणून काका त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. हा माणूस मात्र सांगत होता की मेल्यावर आत्मे मधल्या एका ठिकाणी अडकून राहतात आणि मागे राहिलेल्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केल्याशिवाय त्यांची सुटका होत नाही. पाद्र्याने धूप जाळायचा, दिवे लावायचे, पाणी शिंपडायचं, घंटा वाजवायची आणि सगळं म्हणायचं ते ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच कळत नाही अशा जुन्या भाषेत. काकांचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"आणि यजमान? ते काय करतात?"

"शिपाई? मागे उभे राहतात आणि म्हणतात, फादर, जल्दी कर."

काकांनी मांडीवर थाप मारली. "अग ए मुली," ते जिन्याकडे पाहून ओरडले, "हा तर भटजी आहे! पलटणीचा भटजी!"

त्या दिवसापासून आमच्याकडे त्यांचं नाव तेच पडलं. आठ-पंधरा दिवसांनी पलटणीचे भटजी ओट्यावर येऊन बसत. मी त्यांना मातीच्या कुल्हडात पाणी आणि पानावर जे केलं असेल ते देई. दोघं मग पोटभर धंद्याच्या गोष्टी करत. "तुमची सर्वपित्री कधी?" "नोव्हेंबर." "फार उशीर करता हो." मृतांच्या प्रार्थनेला पाद्री काळा झगा घालतात हे ऐकून काकांना पाणीच गोड लागेना. "काळं नेसून श्राद्ध? पितर घाबरून पळतील!" एकदा पाद्रीबाबांनी त्यांचं लॅटिन म्हणून दाखवलं. काका डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पाठांतर स्वच्छ आहे. पण स्वर फार सपाट." पुढच्या खेपेला पाद्रीबाबा स्वरात म्हणत होते आणि समोरच्या खिडकीत शास्त्रीबुवा कानांवर उपरणं गुंडाळून बसले होते.

सुरुवातीला साहेब गेले की काका ओटा धुऊन काढत. मग कधी कधी विसरायला लागले. एक दिवस मीच घागर घेऊन निघाले, तर म्हणाले, "असू दे ग. ओटा काय, पावसाने धुतला जाईल." तेव्हा वैशाख चालू होता. आणि ते 'तू'? त्याबद्दल मी एकदा भीत भीत विचारलं. काका हसले. "आई गेल्यापासून मला तू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. बरं वाटतं ग."

ह्या बसण्याउठण्यातच एकदा त्या दोघांचा करार झाला. काकांनी विचारलं होतं, "तुम्हाला मुलगा नाही. मग तुमचं कोण करणार?" पाद्रीबाबा म्हणाले, "तुला पण नाही. तुझं कोण करणार?" दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी आयुष्यभर राबलेली ही दोन माणसं, आणि त्यांच्यामागे नाव घ्यायला कुणी नाही. मग पाद्रीबाबांनीच तोड काढली. जो आधी जाईल, त्याचं मागे राहिलेल्याने करायचं. काका आधी गेले तर नोव्हेंबरात छावणीतल्या ख्रिस्ती देवळात त्यांच्या नावाने प्रार्थना, पाद्रीबाबा आधी गेले तर गंगेत त्यांच्या नावाने पाणी. काका इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी सुभेदाराला केळं दिलं.

पुढे युद्ध सुरू झालं, पलटण गेली आणि भटजीही गेले. जाताना ओट्यावर उभं राहून म्हणाले, "काका, तू जप." दीड-दोन वर्षांनी छावणीतून बातमी आली, की जखमी शिपायांना उचलून आणताना पाद्रीबाबा कामी आले. तिकडेच कुठे तरी पुरलं होतं. काकांनी अंघोळ केली. शास्त्रीबुवा त्या दिवशी भिंतीशी बोलले नाहीत.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी काका घाटावर पाणी सोडून मोकळे होतील. पण पैलतीरावरच्या रामनगरचे मल्लाह, म्हणजे नावाडी, आले आणि गोष्ट वेगळ्याच वळणावर गेली. झालं होतं असं, की मागे एका पुरात रामनगरच्या उताराजवळ नाव उलटली होती. पाद्रीबाबा तिथेच गळ टाकून बसले होते. त्यांनी बुटांसकट उडी घेतली आणि हाताला येईल ते काठावर आणून टाकलं. त्यात मल्लाहांच्या मुखियाची बायको होती आणि बकरीही. तो आमच्या ओट्यापाशी हात जोडून उभा राहिला. "पंडितजी, पादरी बाबा हमार मेहरारू के बचवलन, बकरियो के बचवलन. कुछ त बने के चाहीं." कुणी तरी छत्री बांधू म्हणत होतं, कुणी चबुतरा. काका म्हणाले, "पाणी ठेवा. उतारावर पाणपोई घाला. येणारा-जाणारा पाणी पिईल, ते त्याला पोचेल." असं ते स्मारक ठरलं. लिंबाखाली दगडी कठडा, त्यावर पाण्याचे रांजण आणि मागे चुनारच्या दगडाची एक शिळा. शिळेवर काय लिहायचं, ते काका सांगणार होते.

ही बातमी समोरच्या खिडकीत पोचली, तेव्हा मी दार लावून घेतलं. म्हटलं, आता भडका उडणार. काशीतला एक वैदिक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्र्याचं तर्पण करणार! बहिष्कार पडेल, यात्रेकरू तुटतील, ह्या वयात काका खाणार काय? शास्त्रीबुवा खिडकीत आले. आज त्यांनी पाठ केली नव्हती.

"रामनगरात स्मारक?" ते गरजले. "त्या तीरावर मरणारा गाढवाच्या जन्माला जातो, ठाऊक आहे ना?"

"तिथे तो मेला कुठे?" काका म्हणाले. "पाणी प्यायला येईल फक्त."

शास्त्रीबुवांना ते पटलं असावं. "बरं. सख्याचं तर्पण करता येतं, त्याला शास्त्राची ना नाही. पण गोत्र कोणतं घालणार?"

"कौंडिण्य."

"गलत! साफ गलत!" शास्त्रीबुवांनी चौकटीवर मूठ आपटली. "कौंडिण्य तुमचं गोत्र! ज्याचं गोत्र ठाऊक नाही, त्याला काश्यप लावायचं, एवढंही कळत नाही?"

मी दाराच्या फटीतून ऐकत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला हसू आवरेना. पाद्री ख्रिस्ती होता, गाईचं खाणारा होता, काळा झगा घालून श्राद्ध करणारा होता, ह्याबद्दल बुवांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती गोत्र चुकल्याची! पुढे कितीतरी दिवस त्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. दूधवालासुद्धा विचारी, "का माँजी, कौन गोत्र तय भइल?"

"ठाऊक नाही त्याला काश्यप," काका म्हणत. "ह्याचं मला ठाऊक आहे. मी दिलंय."

"देता येत नाही! दत्तक घेतला तरच गोत्र येतं, आणि भाऊ दत्तक घेता येत नाही!"

"मग मुलगा म्हणून घेतला."

"तो तुमच्याहून दहा वर्षांनी मोठा होता!"

इथे मात्र काकांचा आवाज खाली आला. "अहो बुवा," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत त्यांनी बुवांना थेट हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली, "काश्यप म्हणजे ज्याचं कुणी नाही तो. माझ्या तोंडून मी त्याला तसं कसं म्हणू?"

समोरची खिडकी बंद झाली. शिळेवर कौंडिण्यच कोरलं गेलं.

चैत्रात पाणपोई सुरू करायचा दिवस ठरला. आम्ही सगळे नावेत बसलो, आणि नाव सुटणार तोच घाटाच्या पायऱ्यांवरून उपरणं सावरत शास्त्रीबुवा उतरले. "चूक होतेय ती डोळ्यांनी बघायला येतोय," असं त्यांनी मल्लाहाला सांगितलं आणि आमच्याकडे पाठ करून ते नावेच्या टोकाला बसले. पलीकडे सगळं रामनगर लोटलं होतं. भाजीवाल्या आल्या होत्या, कुंभार आले होते, त्या पुरातून वाचलेली माणसं मुलाबाळांसह आली होती. कुणीतरी शिळेला झेंडूची माळ घातली होती, कुणीतरी बकरीलाही घातली होती. छावणीतून नवे पाद्री आले होते, तरुण, सडपातळ, उन्हाने घामाघूम झालेले. त्यांनी टोपी काढून आपली प्रार्थना म्हटली. मग काका ओंजळीत तीळ आणि पाणी घेऊन नदीत उतरले.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेलेल्यांची नावं खणखणीत आवाजात घेणारा हा माणूस. त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा ओठ हलले नुसते. तीळ बोटांमधून गळून चालले. नाव आणि गोत्र उच्चारल्याशिवाय पाणी पोचत नाही, हे काकांनीच मला शंभर वेळा सांगितलं होतं. एवढा करार करून पलटणीचे भटजी तहानलेलेच राहणार की काय?

आणि माझ्या मागून तो घंटेसारखा आवाज उठला. "कौण्डिन्यगोत्रं..."

शास्त्रीबुवा गुडघाभर पाण्यात उभे होते. जोडे काढायचेही त्यांना भान राहिलं नव्हतं. "कौण्डिन्यगोत्रं अस्मत्सखायं," त्यांनी सांगितलं आणि मग पाद्रीबाबांचं ते अवघड आयरिश नाव इतकं स्वच्छ उच्चारलं, की खिडकीत बसून त्यांनी ते कितीदा घोकलं असेल ते मला कळलं. काकांनी त्यांच्यामागून म्हटलं. "स्वधा नमस्तर्पयामि." पाणी गंगेत पडलं.

मग काय, जल्लोषच झाला. रांजणातलं पाणी प्यायला माणसांची झुंबड उडाली. मल्लाहांनी ढोलक काढलं, भाजीवाल्यांनी गाणी म्हटली, आमच्या ह्यांनी, गणिताच्या मास्तरांनी, चक्क ताल धरला. काका नव्या पाद्र्यांना लिंबाखाली गाठून सांगत होते, "माझ्या भागाचं झालं. आता तुमच्या माणसाने कबूल केलेलं राहिलंय, ते तुम्ही करायचं. मी मेल्यावर." नवे पाद्री घुटमळले. ते त्यांच्या नियमात बसत होतं की नाही, देव जाणे. पण त्यांनी शिळेकडे पाहिलं, बकरीकडे पाहिलं आणि मान हलवली. परतताना नावेत काका आणि शास्त्रीबुवा शेजारी बसले आणि वेलदोड्यावरून घाट येईपर्यंत भांडले.

त्यानंतर काका बरीच वर्षं जगले आणि एका आषाढात, झोपेतच, कुणालाही त्रास न देता गेले. न्हाणीघराची कडी तेव्हाही तशीच होती. इथलं त्यांचं सगळं शास्त्रीबुवांनी केलं, आणि खिरीत वेलदोडा घातला.

नोव्हेंबर आला तसे आम्ही दोघं छावणीतल्या देवळात गेलो. शास्त्रीबुवा बरोबर आले होते, पण आत यायला तयार नव्हते. ते उंबऱ्याबाहेर, उपरणं डोक्यावरून घेऊन उभे राहिले. आत धूप होता, दिवे होते, घंटा होती. पाद्री, तेच पाणपोईला आलेले, खरंच काळ्या झग्यात होते. ते एकेका मेलेल्याचं नाव घेत होते, सगळी गोऱ्या शिपायांची नावं, आणि त्यांच्यात एकदम, तुटक उच्चारात, आमच्या काकांचं नाव आलं. माझे डोळे भरून आले. ह्यांनी माझा हात धरला. पाद्री पुढच्या नावाकडे वळणार, इतक्यात दाराबाहेरून तो आवाज सगळ्या देवळात घुमला.

"गोत्र! गोत्र राहिलं!"

शिपाई माना वळवून बघायला लागले. पाद्री थांबले. त्यांनी दाराकडे पाहिलं, थोडंसं हसले, आणि पुन्हा पहिल्यापासून काकांचं नाव घेऊन, लहान मूल नवा शब्द उचलतं तसं जपून म्हणाले, "कौंडिण्य."

"हां," शास्त्रीबुवा बाहेरून म्हणाले, "आता पोचलं."